आपल्या वतीने कोण बोलणार?



गेल्या कोजागिरीला मसाला दूध घेताना पाच-सहाजणींत मी एक विषय काढला. लगेच एकीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो काकू, चांगलं बोला ना, आजचा दिवस कसला!" मी गप्प बसले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा काढला, तेव्हाही तेच. सणाला नको, वाढदिवसाला नको, घरात कुणी आजारी असताना तर मुळीच नको. मग बोलायचं केव्हा? शेवटी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा, पण छोटं लिहा." छोटं जमलेलं नाही, त्याबद्दल त्यांची आधीच माफी मागते.

विषय असा. उद्या आपण बेशुद्ध पडलो, किंवा शुद्धीत असूनही आपल्याला काही समजेनासं झालं, तर आपल्या उपचारांबद्दल डॉक्टरांशी कोण बोलणार? ऑपरेशन करा की करू नका, नळी घाला की काढा, हे कोण सांगणार? ऑस्ट्रेलियात त्या माणसाचं नाव कायद्याने आधी लिहून ठेवता येतं. आपल्यापैकी किती घरांत तो कागद आहे? मी ओळखीच्या दहा-बारा घरांत विचारलं. एका घरात होता. घराचं मृत्युपत्र मात्र बहुतेकांनी केलेलं आहे.

मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. माझ्या घरात जे झालं, तेवढ्या अधिकारावर लिहिते आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. रविवारची सकाळ होती. कढीपत्त्याच्या कुंडीला थंडी लागू नये म्हणून आमचे 'हे' रोज रात्री जुनी चादर घालत आणि सकाळी काढत. त्या दिवशी चादर काढायला गेले ते आत आलेच नाहीत. मी चहा गाळून बाहेर गेले, तर कुंडीपाशी पडलेले. ॲम्ब्युलन्स लवकर आली, हॉस्पिटलात माणसं चांगली होती, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता.

एका लहानशा खोलीत एक तरुण डॉक्टरीण माझ्यासमोर बसली. तिने सावकाश समजावून सांगितलं. ऑपरेशन केलं तर जीव वाचू शकेल. पण बोलणं, ओळखणं, गिळणं परत येण्याची आशा फार थोडी आहे. मग तिने विचारलं, "तुमच्या यजमानांना काय हवं असतं?"

मी म्हटलं, ते बरे व्हायला हवेत. ती म्हणाली, "ते तुम्हाला काय हवं ते झालं. त्यांना स्वतःला विचारता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते?"

लग्नाला ४१ वर्षं झाली होती. वरणावर तूप किती लागतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, कुणाच्या घरी जेवायला जायचं टाळतात, सगळं मला माहीत. हे एवढंच माहीत नव्हतं. आम्ही कधी बोललोच नव्हतो.

तेवढ्यात फोन सुरू झाले. पुण्याहून भावोजी म्हणाले, "वहिनी, काहीही करा पण दादाला वाचवा. आजकाल काय होत नाही?" नाशिकहून नणंदबाई रडत होत्या. मुलगा पर्थला असतो, तो विमानतळावरून बोलत होता. "आई, मी पोचेपर्यंत कशालाही नाही म्हणू नकोस." आणि माझी मुलगी, जी इथेच वीस मिनिटांवर राहते, ती खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून हळूच म्हणाली, "आई, बाबा नको म्हणाले असते. आजोबांच्या वेळी पुण्याहून परत आले, तेव्हा गाडीत मला म्हणाले होते, माझं असं करू नका."

मी तिचं ऐकलं नाही. का नाही ऐकलं, याचा पुढे फार विचार केला. ती धाकटी होती, आणि मुलगी होती. आमच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं की अशा वेळी थोरल्याने बोलायचं. ऑपरेशन झालं. हे १९ दिवस नळ्यांच्या जंजाळात होते. डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. विसाव्या दिवशी पहाटे गेले.

मी ऑपरेशनला हो म्हटलं ते चूक होतं, असं मी म्हणत नाही. कदाचित नाही म्हटलं असतं, तर आज त्याचीच बोचणी लागली असती. पण ते १९ दिवस त्यांच्या मनासारखे होते की आमच्या, हे मला अजून माहीत नाही. हे न कळणं फार जड आहे. म्हणून हा लेख.

पुढे मी या गोष्टीची माहिती काढली. आमच्या व्हिक्टोरियात १२ मार्च २०१८ पासून यासाठी स्वतंत्र कायदा लागू आहे. ज्याला आपण नेमतो त्याला 'मेडिकल ट्रीटमेंट डिसिजन मेकर' म्हणतात. आपण कुणालाच नेमलं नसेल, आणि ट्रायब्युनलनेही कुणी गार्डियन नेमलेला नसेल, तर कायदा एका यादीतून माणूस घेतो. आधी नवरा किंवा बायको अथवा जोडीदार, मग मुख्य सांभाळ करणारी व्यक्ती, मग सज्ञान मुलं, मग आईवडील, मग भावंडं. त्या माणसाचा आपल्याशी जवळचा आणि चालू संबंध हवा, तो वेळेला सापडायला हवा आणि त्याची तयारी हवी. आता एक गंमत बघा. मुलं दोन असली तर कुणाचा शब्द? कायदा सांगतो, वयाने मोठं असेल त्याचा. म्हणजे हा कायदाही शेवटी आपल्या आजीसारखाच निघाला!

पुष्कळांना वाटेल, मग बरंच झालं, थोरला बघेल. ज्यांच्या घरी थोरलं मूलच योग्य आहे, त्यांना हे चालून जाईल. पण माझ्यासारखीचं काय? आता हे नाहीत. मी काही लिहिलं नाही, तर माझा निर्णय पर्थला. माझा मुलगा गुणी आहे, रोज रात्री फोन करतो. पण तो काकांना नाही म्हणू शकत नाही, आणि मला कशाची भीती वाटते हे त्याला ऐकवत नाही. विषय निघाला की म्हणतो, "आई, तुला काही होत नाही." माझी मुलगी ऐकते, रडते, आणि मग पुन्हा विचारते, "म्हणजे नक्की काय, ते नीट सांग."

म्हणून माझं मत असं आहे की हा मान नव्हे, काम आहे, आणि कामाला माणूस बघून निवडावा. कोण मोठं, कोण जास्त शिकलेलं, कोण डॉक्टर झालंय, यावर जाऊ नये. ज्याला आपलं मन माहीत आहे, जो फोनवरच्या दहा जणांसमोर ठाम उभा राहील, आणि ज्याला 'मी असं केलं असतं' आणि 'आईने असं केलं असतं' यांतला फरक कळतो, त्याला नेमावं. कायदाही नेमलेल्या माणसाकडून हेच मागतो. तिथे आपल्या मनासारखा निर्णय करायचा नसतो. रुग्णाने स्वतः जो केला असता असं खरोखर वाटतं, तो करायचा असतो.

मी मुलीचं नाव घातलं. हे सोपं गेलं असं समजू नका. आधी ती नाहीच म्हणाली. "आई, हे ओझं मला नको. दादाने मला जन्मभर दोष दिला तर?" नेमलेल्या माणसाने आपली संमती लिहून द्यावी लागते, नुसतं नाव घालून चालत नाही, हे कायद्याने बरं केलं आहे. आम्ही दोघी तीन शनिवार बोललो, तेव्हा ती तयार झाली. मग मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही." महिनाभर फोनवर फक्त हवापाणी बोलत होता. नाताळच्या सुट्टीत आला, तेव्हा मी कागद त्याच्यापुढे ठेवला. तो वाचला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबांच्या वेळी माझं चुकलं का?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आता त्याचं नाव दुसरं आहे. यादीत एकाहून अधिक नावं घालता येतात, पण एका वेळी निर्णय एकाचाच चालतो, क्रमाने जो आधी सापडेल त्याचा.

आता कागदाचं. फॉर्म फुकट मिळतो, ऑफिस ऑफ द पब्लिक ॲडव्होकेटकडे. वकील लागत नाही. आपण दोन सज्ञान साक्षीदारांसमोर सही करायची. त्यांतला एक रजिस्टर्ड डॉक्टर किंवा प्रतिज्ञापत्रावर साक्ष घेण्याचा अधिकार असलेला माणूस हवा, जसे जे.पी. ज्याला नेमतो तो स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. त्याची संमतीची सही वेगळी, तिलाही एक साक्षीदार. मूळ कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. प्रती काढा: एक नेमलेल्या माणसाला, एक आपल्या जी.पी.ला, एक नेहमीच्या हॉस्पिटलला. माय हेल्थ रेकॉर्डवरही चढवता येतो. शुद्ध आणि समज आहे तोवर कधीही बदलता येतो, रद्द करता येतो.

हे झालं व्हिक्टोरियाचं. आपला अंक सिडनी-ब्रिस्बेनलाही जातो, म्हणून सांगते की प्रत्येक राज्याचा कायदा आणि नाव वेगळं आहे. न्यू साउथ वेल्समध्ये 'एन्ड्युअरिंग गार्डियन', क्वीन्सलँडमध्ये आरोग्याचे अधिकार 'एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी'त येतात, साउथ ऑस्ट्रेलियात 'सबस्टिट्यूट डिसिजन मेकर', वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 'एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ गार्डियनशिप'. साक्षीदारांचे नियमही निरनिराळे. मुलांजवळ राहायला राज्य बदललं असेल, तर जुना कागद तिथे चालतो का, हे विचारून घ्या.

दोन गैरसमज मला वारंवार भेटले. पहिला: "आम्ही पॉवर ऑफ ॲटर्नी केली आहे, झालं की." व्हिक्टोरियातली एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी पैशाअडक्याला आणि राहण्या-सांभाळण्यासारख्या बाबींना चालते, औषधोपचाराच्या निर्णयाला चालत नाही. त्याचा कागद निराळा. मृत्युपत्र तर आपण गेल्यावरच उघडतात, हॉस्पिटलात त्याचा काय उपयोग? दुसरा गैरसमज: "म्हणजे हे इच्छामरणच ना?" नाही. ते इथे २०१९ पासून कायदेशीर आहे, पण तो विषय सर्वस्वी वेगळा. ते मागायचं तर रुग्णाने स्वतः, पूर्ण समज असताना मागावं लागतं. आपण नेमलेला माणूस ते आपल्यासाठी मागूच शकत नाही. तेव्हा मुलीच्या हातात आपली मान दिली असं कुणी समजू नये. उलट आपल्याला सगळे उपचार शेवटपर्यंत हवे असतील, तर तेही ठासून सांगायला तीच उभी राहील.

आमच्या पिढीला अरुणा शानभाग हे नाव सांगावं लागत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलात या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर तिथल्याच एका कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यानंतर ती कधी भानावर आली नाही. तिला अन्न देणं थांबवावं, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सुप्रीम कोर्टात केला. ७ मार्च २०११ ला निकाल लागला आणि अर्ज फेटाळला गेला. तेव्हा सगळी चर्चा दयामरणावर झाली. मी मात्र तो निकाल आता वेगळ्या नजरेने बघते. कोर्टापुढे एक प्रश्न असाही होता की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा? कोर्टाने सांगितलं, ज्यांनी इतकी वर्षं तिची सेवा केली, तिला न्हाऊ-खाऊ घातलं, त्या के.ई.एम.च्या माणसांचा. आणि त्यांना ती जगायला हवी होती. १८ मे २०१५ ला ती गेली. तिला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच कधी कळलं नाही. तेव्हा असा कागद भारतात नव्हताच.

आता आहे. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला असा आगाऊ लेख करण्याचा हक्क मान्य केला. योगायोग बघा, आमचा इथला कायदा लागू झाला त्याच्या तीनच दिवस आधी! तिथली पद्धत सुरुवातीला फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती पुष्कळ सोपी झाली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येतो. दरवर्षी तीन-चार महिने पुण्याला किंवा कोल्हापूरला राहणाऱ्या मंडळींनी तिथलाही कागद करावा. इथल्या फॉर्मवर तिथलं हॉस्पिटल चालेल, या भरवशावर राहू नये.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती भाषेची. स्मृतिभ्रंश झाला की पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. ज्यांनी तीस वर्षं इथे ऑफिसात इंग्रजीत काम केलं, त्यांच्या तोंडी शेवटी फक्त मराठी उरते. तेव्हा डॉक्टरांशी कोण बोलणार? दहावीतल्या नातवाला दुभाषा करू नका, त्याला आजोबांचं हे ऐकायला लावणं बरं नव्हे. हॉस्पिटलात दुभाषा मागा, तो आपला हक्क आहे. फोनवरच्या सरकारी दुभाषा सेवेचा नंबर १३१ ४५० आहे. आणि आज समज शाबूत आहे तोवर आपलं म्हणणं लिहून ठेवा.

काय लिहायचं? सरकारी भाषेत त्याला 'ॲडव्हान्स केअर डिरेक्टिव्ह' म्हणतात. त्यात अमुक उपचार हवा किंवा नको असं ठाम लिहिता येतं. ते डॉक्टरांवर बंधनकारक असतं, म्हणून जी.पी.शी नीट बोलल्याशिवाय लिहू नये. त्याच्या दोन साक्षीदारांतला एक डॉक्टरच लागतो. किंवा आपल्याला कशात राम वाटतो, तेवढंच लिहिता येतं. मी ते दुसरं केलं. आधी वहीत मराठीत लिहिलं, मग मुलीने इंग्रजी केलं. थोडक्यात असं: "मला माझी माणसं ओळखता येत असतील, कुणी चमच्याने का होईना भरवलेला वरणभात गिळता येत असेल, खिडकीतून झाड दिसत असेल, तर माझ्यावर उपचार करा, मी अंथरुणात आहे म्हणून घाईने सोडून देऊ नका. यातलं काहीच परत येणार नाही असं डॉक्टरांचं मत पडलं, तर मला वेदना होणार नाहीत एवढं बघा आणि नळ्या वाढवू नका. पुण्याचे फोन आले तर हा कागद वाचून दाखवा." शेवटचं वाक्य वाचून आमचे जी.पी. हसले, पण म्हणाले, तेच सगळ्यात उपयोगाचं आहे.

काहीच सांगून ठेवलं नाही तर काय होतं, तेही कळून घ्या. आपल्या माणसाने एखादा मोठा उपचार नाकारला, आणि आपली इच्छा काय होती हे कळायला कुठलाच मार्ग नाही असं डॉक्टरांना वाटलं, तर त्यांना पब्लिक ॲडव्होकेटला कळवावं लागतं. आणि ज्यांचं इथे कुणीच नाही, त्यांच्या मोठ्या उपचारांचा निर्णय पब्लिक ॲडव्होकेटकडेच जातो. आपल्यात असे एकटे राहणारे आता पुष्कळ आहेत. त्यांना माझं आवर्जून सांगणं आहे, नात्यातलाच माणूस हवा असं नाही. शेजारी, मैत्रीण, मंडळातला सोबती, कुणालाही नेमता येतं. तीस वर्षं बरोबर गणपती बसवणारा मित्र हा परदेशी आपला भाऊच की.

"अभद्र बोलू नये" म्हणणाऱ्यांचा मला राग नाही, मीही तशीच होते. "देवाच्या हातात आहे" हेही खरं. पण देवाच्या हातात असतं तेव्हा हॉस्पिटलात सही मात्र आपल्या माणसाला करावी लागते. त्या खोलीत मी बसले आहे. माझी मुलगी त्या खोलीत बसेल, तेव्हा तिच्यापाशी निदान माझं उत्तर असेल.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना. पुढल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात गाण्यांच्या कार्यक्रमाआधी तासभर या विषयाला द्यावा. आपल्यातलेच एखादे डॉक्टर आणि जे.पी. यांना बोलवावं, फॉर्मच्या प्रती वाटाव्यात, साक्षीच्या सह्याही तिथेच होतील. उपासाची खिचडी आणि चहा माझ्याकडे लागला. फक्त येताना मुलांपैकी एकाला बरोबर आणा. कुणाला आणायचं, ते मात्र आधी नीट विचार करून ठरवा.

आपली नम्र,
एक जुनी सभासद, मेलबर्न